व्हय बाई

मी नर्स आहे. राहुरीकडच्या ऊस-कांद्याच्या घरातली मुलगी. कोर्स झाल्यावर चोविसाव्या वर्षी अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात लागले आणि अकरा वर्षं तिथंच राहिले. त्या वर्षांत माझ्या हातून झालेली बाळंतपणं रजिस्टरमध्ये सापडतील. मला त्यातली एकच बाई आठवत राहते. तिचं बाळंतपण मी नीट केलं होतं. आठवतं ते मी तिला काय बोलले ते.

नवीन होते तेव्हा मी येणाऱ्या बायांना ताई म्हणायचे, म्हाताऱ्यांना आजी. आमच्या मोठ्या सिस्टर हसायच्या. वीस वर्षं त्यांनी त्या भागात काढली होती, हात अतिशय कुशल, अडलेली बाई त्यांच्या हाती गेली की मी निश्चिंत व्हायचे. त्यांचं म्हणणं असं, की इथं गोड बोलून काम होत नाही, डोंगरातल्या बायांना जरा दटावलं तरच त्या जोर लावतात. मला ते पटलं नव्हतं. पण डॉक्टर ओपीडीत सगळ्यांदेखत माझ्या अंगावर केसपेपर भिरकावून विचारायचे, सिस्टर, डोकं घरी ठेवून येता का. समोर बाकावर बसलेल्या बाया माझ्याकडे बघायच्या आणि मग पटकन खाली बघायच्या. त्यांनी खाली बघितलेलं मला जास्त लागायचं. तेव्हा पाठ वळवून मी आत जायचे, आणि आत जी कोणी असेल तिला म्हणायचे, काय गं, ऐकू येत नाही का, सरळ झोप की.

असं करता करता ताई हा शब्द तोंडातून कधी गेला ते मला कळलं नाही. वर्षभरात मी तरबेज झाले.

ती आली ते आवणीचे दिवस होते. भाताची रोपं लावायची घाई, सगळा भाग चिखलात. कळा सुरू झाल्यावर शेतातून तशीच निघून ती वस्तीवरून खाली सडकेला आली होती, तिथून जीपने केंद्रावर. बरोबर सासू आणि त्या गावची आशाताई. वीस-एकवीस वर्षांची असेल. काटक, सावळी, नाकीडोळी नीटस. पहिलटकरीण. पिंढऱ्यांपर्यंत चिखल वाळून पांढरा झाला होता.

लेबर रूमच्या दारातच मी तिला अडवलं. म्हटलं, पाय तरी धुवून यायचं, हा काय तुझा गोठा आहे? सासू घाईघाईने तिला बाहेरच्या नळावर घेऊन गेली. कळ येत होती तेव्हा ती नळाला धरून उभी राहायची आणि कळ गेली की पाय चोळायची. हे मी खिडकीतून बघत होते. ये राहू दे, असं म्हणावंसं वाटलं नाही. उलट आता हिला कळेल असं वाटलं.

टेबलावर घेतल्यावर ती गुडघे जुळवूनच पडली. लेबर रूमचं दार त्या दिवशी लागत नव्हतं, पावसाने फुगलं होतं. बाहेर व्हरांड्यात एक माणूस पाण्याचा पाइप जोडत होता. आतला हिरवा पडदा अर्धा सरकवलेला होता, तो पुरा ओढा असं ती म्हणत होती. हळू आवाजात, दोनदा म्हणाली. "बाई, तेवढा पडदा घ्या ना. मानूस हाय बाहेर."

माझ्या हातात ग्लोव्हज चढवलेले होते. पडदा ओढायला केंद्रातल्या मावशीला हाक मारायची, एवढंच काम होतं. मी म्हणाले, "नवऱ्यापुढं लाजली नाहीस ना? मग आता कसली लाज आली?"

हे वाक्य माझं नव्हतं. मोठ्या सिस्टरांच्या तोंडून मी ते कितीदा ऐकलं होतं. त्यांनीही कुणाकडून तरी घेतलं असेल. पण त्या दिवशी ते मी बोलले, आणि बोलताना तिच्या मांडीवर चापट मारली. सासू कोपऱ्यात उभी होती. ती हसली. घाबरलेली माणसं हसतात तसं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. गुडघे सोडले. त्यानंतर बाळ होईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन तास, तिने तोंडातून आवाज काढला नाही. पहिलटकरीण आणि एक हाक नाही. मी काही सांगितलं की "व्हय बाई" एवढंच म्हणायची. जोर लावायची वेळ आली तेव्हा टेबल खराब झालं. ते होतंच, कुठल्याही बाईचं होतं, शरीरच तसं आहे. मला ते माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी मी म्हणाले की जनावरं बरी तुमच्यापेक्षा. आणि फडकं सासूच्या हातात दिलं. म्हातारीने टेबलाखालची फरशी बसून पुसली. मुलगी वरून बघत होती.

तिला मुलगी झाली, तीन किलोला थोडी कमी. टाके पडले नाहीत. मी खूश होते. संध्याकाळी मोठ्या सिस्टरांना म्हणाले, आजची पेशंट शहाणी होती, अजिबात त्रास दिला नाही. हे आठवलं की आज मला माझीच किळस येते, पण म्हणाले होते खरं.

तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. जाताना सासू माझ्या पाया पडली. ती पडली नाही, बाळाला घेऊन जीपच्या मागच्या बाजूला उभी होती, दुसरीकडे तोंड करून.

दोन-सव्वादोन वर्षांनी त्या गावची आशाताई मासिक मीटिंगला आली असताना मला बाजूला घेऊन म्हणाली की तिला पुन्हा दिवस गेलेत, पाचवा लागलाय, पण ती तपासायला यायला तयार नाही. केंद्रात नाव घालू देत नाही. मी विचारलं, का? आशाताई म्हणाली, "ती म्हनती, घरी मेले तरी चालंल, पन तिथं न्हाई जायची. सिस्टर, तुम्ही तिला काही बोलला होता का मागं?"

मला रागच आला. एवढ्या बायांना एवढं बोललं जातं, त्या येतातच की. ही कोण लागून गेली? मी आशाताईला सांगितलं की हिचे नखरे आहेत, लोहाच्या गोळ्या घरी नेऊन दे आणि मला विचारत बसू नकोस.

पुढच्या महिन्यात लसीकरणाला मी त्याच वस्तीवर गेले. अंगणवाडीच्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. तीही होती, पोटाशी हात धरून. तिच्या मुलीला मी इंजेक्शन दिलं, पोर रडली, आईने तिला उचलून घेतलं. या सगळ्यात तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी म्हणाले, अगं, तू तपासायला का येत नाहीस, पहिलंही इथंच झालं ना? ती म्हणाली, "व्हय बाई." मी म्हणाले, मग येणार ना? "व्हय बाई." आजूबाजूच्या बाया आमच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात दोन शब्द नीट बोलायला मला काही अवघड नव्हतं. मागं जरा जास्तच बोलले, मनावर घेऊ नकोस, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं कदाचित. मला ते सुचलं नाही असं नाही. पण सगळ्यांसमोर, त्या ओट्यावर, तिच्यासारखीची मनधरणी करायची हे मला कमीपणाचं वाटलं. मी लशीचा डबा बंद केला आणि निघाले.

ती आली नाही.

माघातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला फाटकात जीप थांबली. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. मोठ्या सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या, केंद्रावर मी आणि मावशी. जीपमधून आधी सासू उतरली, मग नवरा, आणि त्याने आशाताईच्या मदतीने तिला खाली घेतलं. पहाटे घरीच मूल झालं होतं, मुलगा. वार पडली नव्हती. सुईणीने दोन तास वाट बघितली, मग रक्त थांबेना.

तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या अंगावर नवं, घडी मोडलेलं लुगडं आहे आणि केस ओले आहेत, नीट विंचरलेले. खालून मात्र लुगडं रक्ताने भिजत चाललं होतं. मी काही बोलण्याच्या आत सासूने हात जोडले.

"रागावू नका बाई. आंगूळ घालून आनलीय तिला. पाय बी धुतल्यात."

माझे हात चालत होते. दोन्ही हातांना सलाइन, इंजेक्शन, पोट चोळणं, रुग्णवाहिकेला फोन. नाडी बोटांना लागत नव्हती. ती शुद्धीवर होती, डोळे उघडे होते. मी वाकून म्हणाले, ताई, माझ्याकडे बघा, ताई. किती वर्षांनी तो शब्द तोंडात आला होता आणि मलाच तो खोटा वाटला. तिला वाटला असेल की नाही माहीत नाही. तिने बघितलं नाही.

रुग्णवाहिका यायला वेळ लागला, आली तेव्हा मी बरोबर बसले. तालुक्याच्या अलीकडे, घाट उतरल्यावर, ती गेली. मी तरी पोट चोळतच होते. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने मागे वळून विचारलं की आता बरी आहे का. मी हो म्हणाले. पुढच्या वीस मिनिटांचा तो रस्ता मी त्याला हो म्हणून काढला.

नंतर आशाताईने मला सांगितलं. रक्त थांबत नाही म्हटल्यावर तिने फोन करून जीप बोलावली. वाट कोरडी होती, जीप थेट वस्तीवर, आठलाच दारात आली. पण बाळंतिणीने, त्या अवस्थेत, जायला नकार दिला. असं घाणेरडं त्या बाईपुढं जायचं नाही म्हणाली. मग सासूने पाणी तापवलं. सासू आणि सुईण, दोघींनी मिळून तिला धुतलं, पुसलं, डोक्यावरून पाणी घातलं, केस विंचरले, पेटीतलं लुगडं काढून नेसवलं. ते पुन्हा भिजलं म्हणून दुसरं नेसवलं. तेवढा वेळ जीप दारात उभी होती.

माता मृत्यू झाला की चौकशी होते, फॉर्म असतो. त्यात उशीर कुठे झाला ते लिहायचं असतं. घरून निघायला झाला, वाहन मिळायला झाला, की दवाखान्यात आल्यावर उपचार मिळायला झाला. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की कुटुंबाने निर्णय घ्यायला उशीर केला असं लिहा. ते खोटं नव्हतं. मी लिहिलं आणि सही केली. उशीर का केला याच्यापुढे एक ओळ मोकळी होती, तिथे डॉक्टरांनीच अडाणीपणा असं भरलं. तालुक्याच्या मीटिंगमध्ये ती केस दोन-तीन मिनिटांत आटोपली. या लोकांना कितीही सांगा, असं कुणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली. सवयीने हलली, पण हलली.

घरी गेल्यावर मला जेवण जाईना. आठ-पंधरा दिवस असे गेले. सुट्टीत राहुरीला आईवडिलांकडे गेले. आमच्या शेतात कांदा काढायला बाया आल्या होत्या. वडील बांधावर उभे राहून त्यांना हाका मारत होते. ए काळे, ए भवाने, हात चालव. त्या बायांत एक माझ्या आईच्या वयाची होती. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते, आणि तोवर मी समजत होते की बोलायची ती रीत मला दवाखान्याने लावली. वडिलांना काही म्हणावं असं वाटलं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? आईला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली की तू तुझं काम केलंस, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बोलल्याने कुणी मरत नसतं.

महिन्याभराने मी एकटीच त्या वस्तीवर गेले. सरकारी काम नव्हतं. चढ चढताना काय बोलायचं ते मनाशी ठरवत होते, आणि घरापाशी पोचेपर्यंत त्यातलं काही शिल्लक राहिलं नाही.

सासू अंगणात नाचणी पाखडत होती. तान्हं बाळ आत झोळीत होतं. मला बघून ती ताडकन उठली, पोतं झटकून अंथरलं, काळा चहा केला. मी बसले, ती उभीच राहिली. मी बसा म्हणाले तर म्हणाली की आमी हाय अशीच बरी. मोठी मुलगी तिच्या लुगड्याआड लपून माझ्याकडे बघत होती. सुई टोचायला आलेली बाई म्हणून तिने मला ओळखलं असावं.

बाळ काय पितं, रडतं का, असं मी विचारत राहिले. शेरडीचं दूध पाजतो म्हणाली. मग तिने आपण होऊनच सुनेचं काढलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"तुमी तर बऱ्या हाय बाई. तुमी हात तरी लावता. आमाला बोलनी खायची सवं हाय. बाजारात बोलत्यात, जीपवाला बोलतो, दवाखान्यात बोलत्यात. मी तिला म्हनायची, अगं, बोलनं काय अंगाला चिकटतं व्हय? पन ती लई मानी हुती. तिला चिकटायचं."

मी म्हणाले, "आजी, माझं चुकलं. मी तिला असं बोलायला नको होतं."

तिने पदर डोक्यावर नीट ओढला. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. ती दाराकडे गेली, आत बघितलं, तिचा मुलगा घरी नव्हता. परत येऊन अगदी खालच्या आवाजात तिने विचारलं, "कुठं अंगठा द्यायचा हाय का बाई? पोरगा न्हाई घरी. मी देते."

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की कागद नाही, अंगठा नाही, मी अशीच आले आहे. तिला ते खरं वाटलं नाही. आमच्यासारखी बाई एवढा डोंगर चढून अशीच कशाला येईल? ती व्हय व्हय म्हणत राहिली, आणि मी उठले तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं हे मला स्पष्ट दिसलं. मी आणलेली बाळाची दुपटी तिने घेतली. नको म्हणायची तिची छाती झाली नसणार.

आशाताई मला सडकेपर्यंत सोडायला आली. सडक दिसू लागल्यावर म्हणाली की सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही आता इकडं एकट्या येऊ नका. तुम्ही आलात की लोकांना वाटतं मागची चौकशी निघाली, कुणाला तरी धरणार. लसीकरणालासुद्धा बाया पोरं घेऊन रानात जातात. मी दुसऱ्या कुणाला पाठवता येतं का बघते म्हणाले. त्या गावाला दुसऱ्या सिस्टर जाऊ लागल्या. तरीही त्या वस्तीवरच्या बाया केंद्रावर फारशा फिरकल्या नाहीत. घरीच बाळंत होत राहिल्या. आमच्या मासिक अहवालात त्याचं कारण दर वेळी तेच एका शब्दात पडायचं.

मी बोलणं सुधारलं का, असं मला कोणी विचारलेलं नाही, पण मीच मला विचारते. सुधारलं, काही काळ. मी पुन्हा ताई म्हणू लागले. गंमत अशी, की बायांना त्याने धीर यायच्या ऐवजी त्या बिचकायच्या. एक म्हातारी आशाताईला विचारत होती, आमच्या पोरीचं काही गंभीर हाय का, बाई एवढं गोड का बोलत्यात. डॉक्टर बदलले, नवे आले. तेही केसपेपर भिरकावायचे, जरा हळू.

पुढे माझी बदली राहुरीकडे झाली. मी अर्ज केला नव्हता, पण ऑर्डर आली तेव्हा नकोही म्हणाले नाही. इथं पेशंट जास्त आणि हात कमी. ज्या दिवशी तीन-तीन बाया एकदम अडतात त्या दिवशी माझा आवाज चढतो. जे शब्द मी पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत असं ठरवलं होतं ते अजून तिथंच असतात, जिभेच्या मागे, तयार. बहुतेक वेळा मी ते गिळते. गेल्या महिन्यात एकदा गिळता आले नाहीत. ती ऊसतोडीच्या टोळीतली पोर होती. मी लगेच तिची माफी मागितली, कपाळावर हात ठेवला. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिला सुखरूप मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर गेले तेव्हा कॉट रिकामी होती. कुणाला न सांगता ती पहाटेच निघून गेली होती, आणि टोळी पुढच्या गावाला हलली होती, कोणत्या ते कुणाला सांगता आलं नाही.